बिघडलेलं पाऊल

परक्या सरकारला जिंकलेल्या प्रांताचा नकाशा हवा होता. अंतरं मोजायचा म्हातारा मोजणीदार, तीही पावलांनी. चढ असो, चिखल असो, तीस वर्षांत त्याचं पाऊल बोटभरही कमीजास्त पडलं नव्हतं. पावसाळाभर मोजणी बंद होती, तेव्हा आजारातून उठलेल्या बायकोला तो नव्यानं चालायला शिकवत होता. रोज तिचा हात धरून खिडकीपर्यंत चालायचा, तिच्याच इवल्या पावलांनी. “अहो, माझ्यासारखं दुडूदुडू चालाल, तर साहेब हाकलून देईल,” ती हसायची. पाऊस ओसरला तसा साहेब दारात हजर. सीमेवर धाडण्याआधी त्यानं मोजणीदाराला अंगणात चालवून पाऊल मापलं. दरवेळी वीतभर आखूड भरलं. “नकाशा चुकेल! हे पाऊल बिघडवलं कुणी?” मोजणीदारानं मागे पाहिलं. खिडकीचे गज धरून ती धास्तावून उभी होती. तो साहेबाकडे वळून म्हणाला, “साहेब, तुम्ही दुसरा माणूस बघा. आम्हाला अजून अंगणापर्यंत पोचायचंय.”