सुटकेची तारीख

"हाडं?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"चांगली आहेत. घ्या," लेक म्हणाली.

मागच्या बाकावर बसलेले तिचे वडील, निवृत्त मुद्रितशोधक, मनातल्या मनात फुलले. पंचाहत्तरी उलटली तरी जिने चढताना कधी थांबावं लागलं नव्हतं. चला, नातवंडाला आपली हाडं तरी मिळणार!

"डोळे?"

"ते नकोत. अधू झालेत त्यांचे."

यावर त्यांची तक्रार नव्हती. त्यांच्या वडिलांचे अधू झाले, मग त्यांचे. असली इस्टेट पोराच्या पदरात कशाला घालायची?

"हृदय?"

"ठणठणीत. घ्या."

"वेदना?"

"अजिबात नकोत."

"भीती?"

"तीही नको."

आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. "बाबा, सुटकेची तारीख मिळाली. पुढचा गुरुवार. तुम्हाला यावं लागेल. उपाशी या."

सुटका! किती वर्षांनी हा शब्द कानावर पडला. त्यांच्या आईच्या तोंडी सारखा असायचा. अमकीची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. लेकीचं पोट अजून सपाट होतं, पण हल्ली आधी फॉर्म आणि मग गर्भ, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? बाळंतपणाची तारीखही आधीच ठरवतात म्हणजे मात्र कमाल झाली. बाजारात तुरी, असं म्हणून ते एकटेच हसले. उपाशी कशाला, तर आजोबाचं रक्त तपासणार असतील. त्यांनी धुतलेला शर्ट त्याच दिवशी काढून ठेवला.

पण ते नुसते मिरवायला आले नव्हते. एका शब्दासाठी आले होते.

लेकीच्या वेळीही असाच फॉर्म होता. त्यात 'हळवेपणा' असा रकाना होता. बायको अतोनात हळवी. खिडकीच्या काचेवर आपटून चिमणी मेली, तर दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिच्या रडण्यापुढे ते मेटाकुटीला आले होते. "रडून काय साधतं?" असं म्हणत त्यांनी लाल पेन्सिलीने तो शब्द उडवला, जादा पडलेला काना उडवावा तसा. बायको रडली, अर्थात.

लेक झाली ती हुशार, देखणी, शांत. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती. स्मशानातून परतल्यावर तिने एवढंच विचारलं, "आईचं कपाट कधी रिकामं करायचं?"

"पोरगी खंबीर आहे हो," असं ते लोकांना सांगत सुटले. पण त्या प्रश्नाने त्यांना जी धडकी भरली, ती आजतागायत गेली नव्हती.

मुद्रितशोधकांची एक खूण असते. चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. नातवंडाच्या फॉर्मवर तेवढी खूण झाली की आपण डोळे मिटायला मोकळे, असं त्यांनी ठरवलं होतं.

एक नर्स आली. "आजोबा, हात पुढे करा." तिने मनगटावर कागदी पट्टा बांधला. "घट्ट नाही ना झाला?"

"छे हो! आणि आजोबा व्हायचोय अजून."

नर्स हसली नाही. कामाच्या गडबडीत असेल बिचारी.

फॉर्म घेऊन लेक शेजारी येऊन बसली. "बाबा, तुमच्या कपाटाची किल्ली द्या. नंतर राहून जाईल."

बाळाच्या कपड्यांना जागा लागणारच. त्यांनी किल्ली काढून दिली आणि तिचा हात तसाच धरून ठेवला.

"अगं, एक मागू?"

"मागा."

"हळवेपणा खोडू नकोस. तुझा मी खोडला. चुकलो मी, फार चुकलो."

तिने घड्याळ पाहिलं. वेळ होता. "खोडला नसता तर काय झालं असतं?"

"आई गेली तेव्हा रडली असतीस."

"रडून काय साधलं असतं?"

वाक्य त्यांचंच होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लेकीने पर्समधून रुमाल काढून दिला आणि ते पुसून होईपर्यंत थांबली.

"असा रकाना यात नाही, बाबा. मी सही करायच्या आधी तुम्हीच एकदा तपासून घ्या. तुमच्याइतकं बारकाईने कोण बघणार?"

किती मायेने बोलली! त्यांना भरून आलं. रकाना नसेना का, समास तर असेल. समासात लिहू. त्यांनी खिशातून भिंग आणि लाल पेन्सिल काढली, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि जन्माच्या सवयीने वरून, पहिल्या ओळीपासून, एकेक अक्षर लावायला सुरुवात केली.

'सुटका कोणाची?' असं छापलं होतं. पुढे लेकीचं वळणदार अक्षर होतं, एकही रेघ न थरथरलेलं : 'वडिलांची.'