दुसऱ्या पट्ट्याचा पहिला नंबर

"तुझा पहिला नंबर आलाय म्हणे," टोळ पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला. "वाच की. कौतुक एकट्यानेच खायचं का?"

पहाडाने दाढीचं सामान टेबलावर मांडलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. यादी त्याने सकाळीच पाहिली होती. ती टोळाच्या कानावर जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. पण टोळाची बायको दुकानात कामाला जाता जाता सांगून गेली असणार. दर रविवारी ती जाते आणि दुपारभर पहाड इथे थांबतो. मानेखाली लुळ्या पडलेल्या दोस्ताचं खाणं-पिणं, दाढी, आंघोळ, सगळं तोच बघतो. अकरा वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. शेजारपाजारचे म्हणतात, दोस्त असावा तर असा. पहाडाला ते ऐकवत नाही.

"कुणीतरी रिकामटेकडं पोरगं बसलंय लिहीत," तो म्हणाला. "त्यात काय वाचायचं?"

"रिकामटेकडा तर मीही आहे. वाच."

पहाडाने मोबाइल काढला, घसा खाकरला. "दुय्यम पट्ट्याच्या दहा सर्वोत्तम कारकिर्दी," त्याने शाळेतल्यासारखं शब्दाशब्दावर थांबत वाचलं. तिकीट लावून होणाऱ्या कुस्तीच्या खेळात मोठा पट्टा पोस्टरच्या मधोमध असणाऱ्या पहिलवानांचा. हा दुसरा पट्टा पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यातल्यांचा, पहाड, टोळ असली रिंगमधली नावं लावणाऱ्यांचा. कोण जिंकणार हे दोन्हीकडे आधीच ठरलेलं, अंग मात्र खरंच आपटून घ्यायचं. पहाडाकडे तो पट्टा दोनशे चौदा दिवस होता.

"'या दिवसांत त्याने एकाही लढतीत पाट्या टाकल्या नाहीत.'"

"थापा," टोळ म्हणाला. "पोस्टमन म्हणून उतरायचा तो जाड्या आठवतो? त्या लढतीत तू सगळा वेळ त्याची चड्डी सावरत होतास."

पहाडाला हसू आलं. टोळाच्या जिभेला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. "बस, एवढंच आहे," म्हणत त्याने मोबाइल खिशात घातला.

"शेवटच्या लढतीचं नाही लिहिलं?"

"आहेत दोन ओळी."

"मग?"

आपण नाही वाचलं तर हा बायकोकडून वाचून घेणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मोबाइल पुन्हा काढला. "'शेवटच्या लढतीत त्याने टोळाला सलग दोनदा डोक्यावर आपटलं. दुसऱ्या वेळी टोळ असा काही निपचित पडला, की अभिनय करावा तर असा. त्या एका क्षणासाठी पहिला नंबर.'"

बाहेर जिन्यातून कुणीतरी सायकल खाली उतरवत होतं.

"बघ," टोळ म्हणाला, "तुझ्या नंबरात माझाही वाटा आहे."

आपटायचं एकदाच ठरलं होतं. पण लोक उठून उभे राहिले, 'आणखी एक, आणखी एक' करत त्यांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि सात वर्षं खालच्या कोपऱ्यात काढलेल्या पहाडाला पहिल्यांदाच वाटलं, हे सगळे आपल्यासाठी ओरडतायत. त्याने टोळाचा हात दाबला. रिंगमध्ये लोकांसमोर बोलता येत नाही, म्हणून एकमेकांना असंच विचारतात. समोरच्याने एकदा दाबला तर चालू दे. दोनदा दाबला तर थांब, मला लागलंय. टोळाने उत्तर दिलं होतं. ते एकदाच दाबल्याचं पहाडाने पोलिसांना सांगितलं, खेळ लावणाऱ्या कंपनीला सांगितलं, वहिनीला सांगितलं. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं. फक्त टोळाशी त्याने कधी हा विषय काढला नव्हता, आणि टोळाने कधी विचारलं नव्हतं.

दर रविवारी तो जीव मुठीत धरून यायचा. आज टोळ शिव्या घालेल, आज तोंडावर थुंकेल, नाहीतर आज म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. यातलं काहीही चाललं असतं. टोळ फक्त म्हणायचा, ब्लेड नवीन लाव.

ब्रशवरचा फेस बसला होता. पहाडाने तो पुन्हा घोटला, टोळाच्या एका गालाला लावला, आणि ब्रश हातात तसाच धरून तो म्हणाला, "तू दोनदा दाबला होतास."

टोळ छताकडे बघत राहिला.

"मला कळलं होतं," पहाड म्हणाला. "नीट कळलं होतं. तरी उचललं तुला. एवढे लोक ओरडत होते रे. बोल काहीतरी. वाट्टेल ते बोल मला."

"एकदा," टोळ म्हणाला.

"खोटं नको बोलूस. पाया पडतो तुझ्या."

"एकदाच दाबला होता. इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलायस, तेच राहू दे." टोळाने मान एवढीशी त्याच्याकडे वळवली, तेवढीच वळते त्याची. "दोनदा म्हटलं, तर पुढच्या रविवारी मला तुझं तोंड बघवणार नाही. आणि हिच्या एकटीच्याने मी उचलला जात नाही."