दुसरी पहार

थोरला भाऊ तणतणतच चर्चमध्ये शिरला. “फादर, माझ्या धाकट्याला तुम्ही बाटवलंत!”

“त्याने मागितला, म्हणून बाप्तिस्मा दिला. काय झालं?”

“काय व्हायचं राहिलंय? अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. काल हा दारात उभा! म्हणतो, ‘दादा, मधली भिंत बांधताना मी तुझ्या जागेत हातभर घुसलो होतो. माझं चुकलं.’ आणि पहार घेऊन सगळ्या गल्लीदेखत स्वतःच भिंत पाडायला लागला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? अकरा वर्षं जपलेला राग फुकट गेला.” त्याने फोड आलेले तळहात पुढे केले. “दुसरी पहार मी घेतली.”

तो गेल्यावर फादर बाकावर बसले. तीस वर्षांत त्यांनी शेकडो जणांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं होतं. मग त्यांनी फोन काढला आणि आई गेली तेव्हापासून कधीच न लावलेला नंबर लावला.

“ताई, मी बोलतोय. फोन ठेवू नकोस. तेव्हा चूक माझीच होती.”