गच्चीवरचं एकच मशीन

"एकच मशीन," धाकटा म्हणाला. "गच्चीवर एक मोठं मशीन बसवायचं आणि तिथून एकच डक्ट खाली आणायचा. चारही मजल्यांना तीच हवा."

थोरल्याने मान वर केली नाही. सिमेंटच्या गोण्यांवर प्लायवूड टाकून टेबल केलं होतं आणि त्यावर इमारतीचा नकाशा पसरला होता. तो गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले होते. वडिलांचं बैठं दुकान पाडून दोघा भावांनी मिळून ही इमारत उभी केली होती. भाडेकरू ठरले होते, प्लास्टर वाळत आलं होतं. एसीचं तेवढं घोंगडं भिजत पडलं होतं.

"मजल्यागणिक वेगळं मशीन का नको?" थोरला म्हणाला. "डेंटिस्ट रविवारी बंद, क्लासवाले रविवारीच जोरात. एका क्लाससाठी अख्ख्या इमारतीचा डोलारा चालवायचा?"

"वेगळी मशीनं घेतली की बाहेर डबे लटकतात रे दादा. वाईट दिसतं."

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. वाईट दिसतं? हा गृहस्थ मागे दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बँकेत जाऊन आला होता आणि बायकोने दाखवून देईपर्यंत त्याला पत्ता नव्हता. त्याला आता इमारतीच्या रूपाची काळजी लागली होती!

एसी कंपनीच्या इंजिनिअरबाई शेजारी उभ्या होत्या. मोजायची टेप उगीचच बाहेर ओढत होत्या आणि परत आत सोडत होत्या. तेही थोरल्याच्या नजरेतून सुटलं नाही. परवाच त्याने या बाईंना आणि धाकट्याला लिफ्टच्या खड्ड्यापाशी कुजबुजताना पाहिलं होतं. तो जवळ गेला तशी दोघं एकदम गप्प झाली. मग त्याने गुपचूप दुसऱ्या कंपनीत चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, असल्या इमारतीला मजल्यागणिक वेगळीच मशीनं बरी. मग धाकटा एवढा हटून का बसला होता? उघड होतं. कुणीतरी त्याचे हात ओले केले होते. जेवढं मोठं मशीन, तेवढं मोठं कमिशन.

खरं तर थोरल्याचं मन तरी कुठे साफ होतं? धाकट्याने त्याला न विचारता डेंटिस्टला मजला देऊन टाकला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात वाटणी घोळत होती. खालचे दोन मजले धाकट्याचे, वरचे दोन आपले. वकिलाला तो भेटूनही आला होता. बायकोलाही त्याने याचा सुगावा लागू दिला नव्हता. वरच्या मजल्यांसाठी मागच्या बाजूने वेगळा जिना त्यानेच काढायला लावला. आग लागली तर बरा, असं सांगितलं. विजेचे मीटर वरचे वेगळे, खालचे वेगळे त्यानेच करून घेतले. भाडेकरूंची भांडणं नकोत, असं सांगितलं. दोन्ही वेळा धाकट्याने नुसती मान डोलावली होती. भोळाच आहे, असं तेव्हा थोरल्याला वाटलं होतं. आता एसी वेगळे झाले की इमारत आपोआप दोन होणार होती. आणि नेमका इथेच भोळा अडून बसला होता.

थोरल्याने पेन खाली ठेवलं. "खरं सांग. यात तुला काय मिळतं?"

बाईंच्या हातातली टेप थांबली. धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली गेली की असेच व्हायचे. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मिळतं काहीतरी," तो म्हणाला. मग गच्ची बघून येतो असं पुटपुटत जिना चढू लागला.

चोर सापडला होता. पण थोरल्याला आनंद काही होईना. याच चोराला त्याने पाठुंगळीला घेऊन सगळ्या गल्लीत मिरवलं होतं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण रागही तेवढाच आला. तो बाईंकडे वळला.

"किती ठरलंय त्याचं?"

"कसलं?"

"कमिशन."

बाईंचा चेहरा तापला. "साहेब, मी पहिल्या दिवसापासून वेगळी मशीनं घ्या म्हणतेय. तुमच्यासारख्या इमारतीला तीच योग्य. धाकट्या साहेबांनाही मी हेच सांगितलं. ते ऐकत नाहीत. कमिशनचा तर त्यांनी शब्दही काढलेला नाही."

"मग लिफ्टपाशी कुजबुज कसली चालली होती?"

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. रिकाम्या इमारतीत धाकट्याच्या चपला वर वर वाजत चालल्या होत्या.

"तुम्हाला सांगू नका म्हणालेत."

"सांगा."

बाईंनी टेप खिशात टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते म्हणाले, 'दादाने जिना वेगळा केला, मीटर वेगळे केले. मला सगळं कळतंय, पण त्याच्यापुढे तोंड उघडायची मला सवय नाही. तुम्ही फक्त असं काहीतरी बसवा, जे दादाला मधोमध कापता येणार नाही.'"