परत येणार का?

"पुन्हा सांग," कलमुरात म्हणाला. "दूतावासातला साहेब विचारतो, कोरियातून परत येणार का? तू काय म्हणशील?"

उल्कान कणीक मळत होती. "म्हणेन, बघू."

"बघू काय बघू! अगं म्हातारे, हो म्हणायचं. घर आहे, गाय आहे, मेंढ्या आहेत, कोण सोडून राहील?"

"मेंढ्या तर विकल्या."

"दोन उरल्यात ना? मग झाल्या मेंढ्या." तो स्वतःच हसला. पण मागच्या खेपेला व्हिसा नाकारला तो आपल्यामुळेच, असं त्यानं मनाशी धरलं होतं. साहेबाच्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर त्याची बोबडीच वळली होती.

एर्मेक त्यांचा धाकटा. त्यांच्या नारीन मुलखात धाकट्यानं आईबापांच्या घरातच राहायचं असतं. थोरले दोघे लग्नं करून वेगळे झाले, लांब गेले. एर्मेकसाठी अंगणाकडेला दोन खोल्या बांधल्या. खोल्या झाल्या आणि एर्मेक कोरियातल्या कारखान्यात गेला. तिकडेच त्यानं आइदायशी लग्न केलं, तिकडेच मुलगा झाला. खोल्यांना कुलूप ते कुलूपच.

संध्याकाळी दोघं टीव्ही लावून बसायची. बघत कोणीच नसे. घरात माणसाचा आवाज हवा, एवढंच.

त्या दिवशी फोनवर नातू उभा राहिलेला दिसला. टेबलाला धरून डुलत होता.

"अरे, पावलं टाकायला लागला की काय!" उल्कान ओरडली. "त्याच्या पायात दोरा बांधून कापायला हवा, म्हणजे पोराचं पाऊल मोकळं पडतं. मी लोकर कातून ठेवलीय. दोरा मीच कापणार हं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही!"

"म्हणून तर म्हणतोय, या," एर्मेक म्हणाला. तो दमलेला दिसत होता. "आइदाय दिवसभर भिंतींशी बोलते. शेजारी कोण राहतं ते अजून माहीत नाही आम्हाला. तुम्ही दोघं इथं आलात ना, की मी निर्धास्त. मग इथंच राहू सगळे, कायमचं बस्तान बसवू. नाहीतर ही म्हणते, गाशा गुंडाळू."

"येतो रे राजा, येतो," उल्कान म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिली. तिला फार एकटं वाटलं.

राजधानीला, बिश्केकला पोचेपर्यंत कलमुरात उत्तरं घोकत होता. त्यानं नवी टोपी घातली होती. कोरियाच्या दूतावासात दोघांना वेगवेगळ्या खिडक्यांवर बोलावलं. या वेळी तो एकदाही अडखळला नाही. मेंढ्या किती, तेही ठणकावून सांगितलं.

तरीही नकारच आला.

परतीच्या गाडीत म्हातारा नवी टोपी काढून मांडीवर घेऊन बसला. घरी येऊन त्यानं एर्मेकला फोन लावला आणि बोलता बोलता रडायला लागला. "माझंच काहीतरी चुकलं असणार, पोरा. तुझं तिकडचं सगळं मोडणार माझ्यापायी."

एर्मेकनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "बास झालं, बाबा. रडू नका. पानगळीच्या आधी आम्हीच येतो. तिघं. कायमचे."

कलमुरातनं डोळे पुसले, किल्ली शोधली आणि अंगणाकडेच्या खोल्या उघडल्या. चुलीच्या धुराड्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. तो ते काढत बसला, मध्येच थांबून पुन्हा डोळे पुसत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उल्कानला ते दिसत होतं आणि तिच्या काळजाचं पाणी होत होतं.

तेवढ्यात शेजारची झूरा आली. तिची लेकही कोरियातच बाळंत झाली होती, आणि पुढच्या आठवड्यात झूराला दूतावासात जायचं होतं. उल्काननं चहा ओतला, पाव आणि साय पुढे केली.

"उल्कान, खरं सांग, काय विचारतात गं तिथं? मला आत्तापासून धडकी भरलीय."

"काही नाही गं. परत येणार का, एवढंच विचारतात."

"मग काय सांगू?"

"तुला लेकीकडे जायचंय ना? मग हो म्हण. गाय सांग, घर सांग, नवरा मागे राहतोय म्हणून सांग. मुकाट्यानं देतील."

"अगं, पण तुम्हीही हेच सांगितलं असणार. तरी नाही दिला!"

उल्काननं उठून खिडकी लावून घेतली. बाहेर म्हातारा धुराडं झाडत होता.

"त्यानं हेच सांगितलं," ती हळूच म्हणाली. "मी दोन्ही वेळा म्हटलं, परत कशाला येतोय आम्ही? घर विकून टाकलंय."