उशिरा ओ देणारी विहीर

उदगीरच्या सिद्धलिंगआप्पांनी आपल्या पॉडकास्टमध्ये ठोकून दिलं, "माझ्या मळ्यातली विहीर लई खोल. सकाळी हाक मारा, ओ संध्याकाळी येते. पटत नसंल त्यानं येऊन ऐकावं. ओ आली न्हाई तर पॉडकास्ट बंद, हा माझा शब्द!" बोलण्याच्या भरात माणूस काय बोलत नाही? पण रविवारी सकाळीच लोह्याहून जीप भरून श्रोते दारात हजर.

"आता भोगा," आप्पांची बायको बसम्मा म्हणाली आणि अकरा माणसांच्या भाकरी थापायला बसली.

पाहुण्यांनी विहिरीत वाकून पोटभर हाका मारल्या. मग जेवले, लिंबाखाली घोरले, चहा प्याले. दिवस कलला तसे सगळे कठड्याला कान लावून बसले. आप्पांनी होते नव्हते तेवढे देव आठवले, पण विहीर हूं का चूं करीना.

"शब्द म्हणजे शब्द," आप्पा पडेल आवाजात म्हणाले. "आजपासून पॉडकास्ट बंद."

पाहुण्यांतले म्हातारे शेषेराव धोतर झटकत उठले. "कामून बंद, आप्पा? तुमची हीर जरा मंद हाय, एवढंच. आमची लोह्याची हीर तर हाक मारायच्या आदल्या दिवशीच ओ देती. काल तिच्यातून तुमचाच आवाज आला."

"माझा? काय म्हणलो मी?"

"'बंद करतो म्हणलो, ते मागं घेतो.' ते ऐकूनच तर जीप काढली!"