बिघडलेला खेळ

“या खेळात नकाशा नाही, सूचना नाहीत आणि सेव्ह केलेलं कधीही उडतं,” माझी मुलगी ऋजुता माझ्या खांद्यामागून लॅपटॉपवरचा एका ग्राहकाचा अभिप्राय मोठ्याने वाचत होती. “बाबा, तू हे विकत घेणार आहेस?”

मी लॅपटॉप मिटायला गेलो, पण उशीर झाला होता. मोबाइलवर खेळून आयुष्य वाया घालवतेस, असं सुनावून मीच तिचा फोन कपाटात ठेवला होता. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आणि मी मात्र ऑफिसच्या कामाच्या नावाखाली आठवडाभर कॉम्प्युटरवरच्या खेळांतल्या तलवारी आणि ढाली बघत बसलो होतो.

“आम्ही कॉलेजात असताना असेच अवघड खेळ असायचे,” मी म्हणालो. “डोकं लागतं त्याला.”

“मग घे ना. बघू तुझं डोकं.”

आता माघार घेणं शक्य नव्हतं. खेळ घेतला. सगळी दुपार खर्चून मी एक देखणा योद्धा घडवला, त्याला माझ्या डोक्यावर नाहीत तेवढे केस दिले. तो रुबाबात वेशीबाहेर पडला आणि एका कोंबडीने त्याला टोचून ठार केलं. दुसरा योद्धा कोंबडीला चुकवून पुढे गेला आणि कमरेपर्यंत जमिनीत रुतून बसला.

ऋजुता पोट धरून हसत होती. मी उठलो आणि कपाटातला फोन आणून तिच्यासमोर ठेवला.

तिने तो न बघताच बाजूला सारला आणि खुर्ची ओढली.

“सरक जरा. आता योद्धा मी घडवते.”